हब रबर येणं बंद झालं

मोटरसायकल म्हटलं की लोकांना लोखंड दिसतं. टाकी, इंजिन, सायलेन्सर, चकचकीत मडगार्ड. जुनी गाडी विकत घ्यायला आलेला माणूस टाकीवर टकटक करतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि फार कळल्यासारखी मान डोलावतो. पंचवटीतल्या माझ्या गॅरेजसमोर छत्तीस वर्षांत असे मान डोलावणारे पुष्कळ पाहिले. त्यातल्या एकानेही कधी खाली वाकून विचारलं नाही, की सुधाभाऊ, हिची रबरं कशी आहेत?

आणि मी तर जन्मभर रबराचंच खाल्लं. लोखंड गंजलं तर दिसतं, वाकलं तर दिसतं. रबर न सांगता जातं. टाकीखालची रबरं दबून चपटी होतात आणि टाकी चेसिसवर घासायला लागते. कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मध्ये एक आखूड रबरी पाइप असतो, त्याला खालच्या बाजूने, नजर पोचत नाही तिथे चीर जाते. तिच्यातून इंजिन हवा ओढतं, आणि मालक बिचारा महिनाभर कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत बसतो. मी रबर नखाने तपासायचो. नख रुतवायचं, सोडायचं आणि बघत राहायचं. खूण भरून आली तर रबर जिवंत, तशीच राहिली तर गेलं. त्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख मी कायम वाढवलेलं असे आणि लग्नाकार्यात पंगतीला बसलो की बायको त्यावरून मला चारचौघांत बोलून घेई.

हे शहाणपण काही पहिल्या दिवशी आलं नाही. शिकत होतो तेव्हा एका गाडीचा कार्ब्युरेटर खोलला आणि स्वच्छता दाखवायची म्हणून पितळी जेटांबरोबर रबरी रिंगाही पेट्रोलच्या वाटीत टाकल्या. सकाळी टाकल्या, त्या दुपारी काढल्या. एकही रिंग आपल्या खोबणीत बसेना, सगळ्या फुगल्या होत्या. उस्तादांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "धुतल्यास की भिजत घातल्यास? राहू दे, उद्या मोड येतील." पुढे कितीतरी दिवस गॅरेजात मला मटकी म्हणत.

माझं ठीक होतं, मी निदान शिकाऊ होतो. रामकुंडाकडचे एक गुरुजी दर शनिवारी गाडी धुऊन हँडलच्या ग्रिपांना आणि फूटरेस्टच्या रबरांना तिळाचं तेल चोळायचे. चमक यायची खरी, पण तेलाने रबर सैल होऊन फुगतं. एके सकाळी भर चौकात अॅक्सिलेटरची ग्रिप त्यांच्या मुठीत निघून आली. तशीच मुठीत धरून ते गॅरेजवर आले. "सुधाभाऊ, हे काय हो?" मी म्हटलं, "गुरुजी, शनिवारचं तेल मारुतीला घाला. गाडीला साबणाचं पाणी पुष्कळ झालं." दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या महिन्यात दुसरी ग्रिप बसवायला आले.

माझा एक नियम होता. 'पार्ट मिळत नाही' असं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. ज्या गाड्या निघणं कधीच बंद झालं, त्यांच्या रबरांसाठी मी भंगार बाजारात उन्हात बसलोय, दिल्लीच्या दुकानदारांना फोन केलेत, दुसऱ्याच गाडीचं रबर आणून तासून बसवलंय. उशीर झाला असेल, पण नाही म्हटलं नाही. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे. हा नियम मी एकदाच मोडला. हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

सायखेड्याचे आप्पा माझे जुने गिऱ्हाईक. चार एकर द्राक्षबाग, डोक्याला टोपी, टोपीवर हेल्मेट, आणि बुडाखाली बंद पडलेल्या कंपनीची टू-स्ट्रोक गाडी. माझं गॅरेज उघडलं त्याच वर्षी त्यांनी ती पहिल्यांदा माझ्याकडे आणली. नंतर मुलगा विलास शिकला, नोकरीला लागला, गंगापूर रोडला त्याने फ्लॅट घेतला, आप्पांना कारमधून फिरवू लागला. आप्पा कारमध्ये बसायचे, पण पाहुण्यासारखे. आपली म्हणायची ती गाडी हीच. गेल्या वर्षी त्यांना शहात्तरावं लागलं होतं.

एका सोमवारी विलासची कार गॅरेजसमोर थांबली. तो खाली उतरला, इकडेतिकडे पाहिलं आणि बाकावर माझ्या शेजारी बसला.

"सुधाभाऊ, आप्पा या महिन्यात दोनदा पडले. एकदा पाटाच्या रस्त्याला आणि एकदा घराच्या दारात. विचारलं तर म्हणतात, गाडी हिसके देते."

"देत असेल. हब रबरं गेली असतील."

"ते तुमच्याकडे येतीलच. तुम्ही एवढंच सांगा, की आता ते रबर मिळत नाही."

मी हाताची ग्रीस फडक्याला पुसत राहिलो.

"मी तोंड उघडलं की भांडण होतं," विलास म्हणाला. "म्हणतात, तुला माझी गाडी नको, मग मीही नको. पण तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. एकदाच सांगा, भाऊ. मला रात्री झोप लागत नाही."

त्याचे डोळे खरंच तारवटलेले होते. बापाची काळजी करणाऱ्या मुलाला काय म्हणायचं? मी 'बघतो' म्हटलं. 'बघतो' म्हणजे हो, हे त्यालाही कळलं आणि मलाही.

दोन दिवसांनी आप्पा आले. हब रबर म्हणजे काय ते इथे सांगतो, कारण ज्यांनी आयुष्यभर गाडी चालवली त्यांनाही ते ठाऊक नसतं. साखळी ज्या दातेरी चक्राला ओढते, ते चक्र मागच्या चाकाला थेट जोडलेलं नसतं. दोघांच्या मध्ये, चाकाच्या पोटात, म्हणजे हबमध्ये, संत्र्याच्या फोडींएवढाली रबरं बसवलेली असतात. इंजिनाचा धक्का आधी ती रबरं खातात आणि मग हळूच चाकाला देतात. डब्यात भांडी एकमेकांवर आपटू नयेत म्हणून आपण मध्ये फडकं घालतो, तेच हे. फडकं विरलं की प्रत्येक गेअरला मागून खाडकन आवाज येतो आणि गाडी हिसका मारते. तसंच रेटत राहिलं तर एक दिवस हबच फुटतो.

मी चाक खोललं. आतून रबरांचा नुसता काळा चुरा पडला. आप्पा उकिडवे बसून पाहत होते.

"काय म्हनती गाडी?"

मागच्या फळीवर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात याच गाडीच्या रबरांचा नवा जोड होता. मीच दिल्लीहून मागवला होता, आप्पांची गाडी कधीतरी मागणार म्हणून. त्या फळीकडे पाठ करून मी म्हणालो, "आप्पा, हिचं हब रबर येणं बंद झालं."

"बंदच?"

"बंदच."

मला वाटलं होतं वाद घालतील, दुसऱ्या मेकॅनिककडे जातो म्हणतील. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तू नाय म्हनतो म्हंजे नसंलच." खिशातला रुमाल काढून त्यांनी टाकी पुसली. "मिळंपर्यंत राहू दे तुझ्याकडंच," एवढं बोलून ते हेल्मेट हातात घेऊन एस.टी. पकडायला चालत गेले. हेल्मेट हातात धरून एस.टी.कडे निघालेला म्हातारा माणूस पाठमोरा कसा दिसतो, ते मला त्या दिवशी कळलं.

गाडी कोपऱ्यात ताडपत्रीखाली राहिली. दर पंधरा दिवसांनी आप्पांचा फोन यायचा. "सुधाकर, आलं का रं?" "नाही आप्पा." "बरं, बरं. तू असशीलच मागावर." मी मागावर होतो! डबा माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता. मधूनच विलासचा फोन यायचा, आता झोप लागते म्हणून आभार मानायचा. मला मात्र त्या कोपऱ्याकडे बघवेना. ताडपत्री काढून मी टायरमध्ये हवा भरायचो आणि पुन्हा झाकायचो.

असे चार महिने गेले. मग एके दिवशी सकाळी आप्पा स्वतःच आले. एस.टी.ने आले होते तरी डोक्यावर हेल्मेट होतं. हातात गाठ मारलेला रुमाल. बाकावर बसून त्यांनी गाठ सोडली. आत रबराचे तुकडे होते, हब रबराच्या आकाराचे. फोडीची गोलाई, बाजूचा उतार, सगळं हुबेहूब.

"ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचं कापलं," ते म्हणाले. "चुऱ्यातला एक बरा तुकडा त्या दिशी खिशात घातला व्हता, त्याच्या मापानं. चार दिस बसलो. बसव बरं."

मी एक तुकडा उचलला. टायरचं रबर, आत नायलॉनचे धागे, दगडासारखं टणक. असं रबर हबमध्ये घातलं तर धक्का खाणार नाही, उलट हब फोडेल. पण काप इतका नेटका होता, की माझ्याच्याने झाला नसता. आप्पांच्या तळहाताला दोन फोड येऊन फुटले होते.

"आप्पा, एवढं काय अडलंय? बागेत जायला विलास गडी ठेवतो म्हणाला होता."

"बागेत नाय जायचं मला." आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी त्यांचा आवाज खाली आला. "पुलापलीकडं आक्का राहती. माझी थोरली बहीन. वस्तीवर, आडरानात. तिनं वाटनी मागितली तवापासून आमच्या घरात तिचं कोनी नाव काढत नाय. विलासच्या आईनं तर दारच बंद केलं. मी बी तवा गप बसलो. आता ती अंधळी झाली. बारा वरसं मी दर गुरवारी जातो. घरात कोनाला ठाव नाय. विलासच्या गाडीत बसून कसं जाऊ? आन एस.टी. वस्तीवर जात नाय. चार महिने झाले, सुधाकर. तिला वाटत आसंल मी मेलो."

मी उठलो. स्टूल घेतलं, मागच्या फळीवरचा डबा काढला आणि आप्पांच्या पुढ्यात उघडला. नवी रबरं, पुडक्यातली, अजून पावडर लागलेली.

"कवा आली?"

"इथेच होती. तुम्ही गाडी आणलीत त्याच्या आधीपासून."

आप्पा डब्याकडे बघत राहिले. मी वाट पाहत होतो की ते शिव्या देतील. शिव्या मी पुष्कळ खाल्ल्यात, त्या अंगावर टिकत नाहीत. पण रुमालातले स्वतः कापलेले तुकडे एकेक करून त्यांनी पुन्हा गोळा केले आणि गाठ मारली. मग म्हणाले, "विलास आला व्हता का?"

"हो."

"त्याचं समजू शकतो मी." आणि रुमालाची गाठ घट्ट करत, "तुझं नाय समजत."

इतक्या वर्षांच्या धंद्यात मला कुणी एवढं खाली बसवलं नव्हतं. मी माफी मागितली. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. 'बसव', एवढंच म्हणाले.

नवी रबरं हबमध्ये घट्ट जातात. गडबड करणारे मेकॅनिक ऑइल लावून दाबतात. ऑइल लावलं की ती सहज सरकतात आणि वर्षात सडतात. मी साबणाचं पाणी लावून एकेक रबर अंगठ्याने बसवलं. साखळी ताणली, ब्रेकचे लायनर बदलले, केबलींना तेल सोडलं. दुपारपर्यंत गाडी तयार झाली. पण दोनदा पडलेला माणूस केवळ हिसक्याने पडला का, हा प्रश्न आता माझ्या डोक्यात घोळत होता. घराच्या दारात गाडी उभी करताना कुठला आलाय हिसका?

"आप्पा, तुम्ही चालवा. मी मागे बसतो. रबर नीट बसलं का, ते मागेच कळतं."

हेही अर्धं खोटंच होतं. पण आप्पांनी किक मारली आणि गाडी कालच बंद केल्यासारखी सुरू झाली. चार महिन्यांत पहिल्यांदा म्हातारा हसला.

चालवत छान होते. गेअर मऊ, ब्रेक वेळेवर, खड्डा आधीच ओळखून चुकवायचे. नांदूर नाका मागे पडला. मी म्हटलं, उगाच शंका घेतली. तेवढ्यात डावीकडच्या रस्त्याने टोमॅटोचे क्रेट भरलेला टेम्पो हॉर्न देत मुख्य रस्त्यावर आला, आणि आप्पा त्याच्यावरच निघाले. मी ओरडलो. त्यांनी ब्रेक दाबला, टेम्पो हातभरावरून गेला. पुढे पाच मिनिटांत एक सायकलवाला, तोही डावीकडूनच. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आप्पा, बाजूला घ्या."

बाभळीच्या सावलीत गाडी उभी केली.

"टेम्पोवाल्यानं हॉर्न नाय दिला," आप्पा म्हणाले.

"दिला, आप्पा. दोनदा." मी त्यांच्या डाव्या कानाशी हात नेला. "समोर बघत राहा. किती बोटं आहेत?"

त्यांनी मान वळवून पाहिलं. "तीन."

"मान न वळवता."

"मंग मान कशाला दिलीय देवानं?"

मला हसू आलं. पुन्हा हात नेला. या वेळी ते समोर बघत राहिले आणि काहीच बोलले नाहीत. मी बोटं हलवली. ते समोरच बघत होते.

"आप्पा, गाडी ठणठणीत आहे. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

"विलासनं शिकवलं तुला."

"विलासने खोटं बोलायला शिकवलं होतं. तेव्हा मी बोललो. हे खरं आहे."

त्यांनी हेल्मेट काढलं, टोपी सारखी केली, पुन्हा हेल्मेट घातलं. मग मागच्या सीटवर जाऊन बसले. मी हँडल धरलं. सायखेड्याचा फाटा आला तेव्हा घराकडे वळायला लागलो, तर मागून आवाज आला, "सरळ घे. पुलावरनं."

विलासला मी नंतर फोन केला. गाडी चालू झाली, पण आप्पा चालवणार नाहीत, आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, एवढं सांगितलं. आता दर गुरुवारी मी त्यांना मागे बसवून कुठे घेऊन जातो, हे त्याने अजून विचारलेलं नाही. विचारलं तर आप्पा सांगतील, तो माझा प्रांत नाही. आता गॅरेज बंद केलं, गुडघे उकिडवं बसू देत नाहीत. गुरुवार मात्र मी चुकवत नाही.

त्या दिवशी पुलावरून पलीकडे गेलो, ऊस मागे टाकला, बांधाच्या चढावर गाडी दुसऱ्या गेअरमध्ये घेतली आणि वस्तीवर पोचलो. घराबाहेर कडुनिंबाखाली बाजेवर एक म्हातारी बसली होती. गाडी बंद व्हायच्या आधीच ती उभी राहायला धडपडत होती.

"नामा?"

आप्पांचं नाव नामदेव. एवढ्या वर्षांत त्यांना एकेरी हाक मारताना मी पहिल्यांदाच कुणाला ऐकत होतो.

"व्हय आक्का."

"कुठं व्हतास रं? रस्त्यानं गाडी गेली का मी इचारती, नामा का. चार महिने इचारती."

"गाडी बिघडली व्हती." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते तिच्या शेजारी बाजेवर बसले. तिने त्यांचा हात धरला, तळव्यावरच्या फोडांवरून बोट फिरवलं आणि थांबली.

"आन आज गाडी तू नाय चालवली."

"कशावरनं?"

"बांधाच्या चढाला तू येवढी रेटत नाय."

मी गाडीजवळ उभा होतो. वाटलं, आता म्हणतील पाय दुखतोय, हात दुखतोय, काहीतरी सांगतील. विलासला त्यांनी गाडी हिसके देते म्हणून सांगितलं होतं. मला टेम्पोवाल्याची चूक सांगितली होती. भर रस्त्यात कानाशी बोटं नाचवली तरी कबूल केलं नव्हतं.

"आक्का," ते म्हणाले, "मला डावीकडचं दिसंना झालंय."

म्हातारीने त्यांचा हात आणखी घट्ट धरला.

"डावीकडचंच ना?" ती म्हणाली. "मंग तिकडं कशाला बसला? हिकडनं बस, म्हंजे मी तुला दिसंल."

आप्पा उठले, बाजेला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, आणि तिच्याकडे बघत राहिले.